खेळाडूंचा श्रमपरिहार आणि ‘ई’ जीवनसत्त्व

तालमीतील मल्ल असो वा पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा तरुण, अंग दुखू लागले की ‘ई’ जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल मागण्याकडे मैंदर्गी-अक्कलकोट परिसरातही कल दिसतो. ती सहज देण्यापूर्वी वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी थोडा विचार करावा, असे मला वाटते.

या मागणीमागील तर्क निराधार नाही. तीव्र व्यायामाने स्नायूंत फ्री रॅडिकल्स वाढतात आणि पेशींच्या स्निग्ध आवरणाचे त्यांपासून रक्षण करणे हे या जीवनसत्त्वाचे कार्यच आहे. तथापि हेच कण अल्प प्रमाणात शरीराला बलवृद्धीचा संकेतही देतात. २००९ साली जर्मनीतील अभ्यासात ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेमुळे व्यायामाने इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा रोखली गेली. २०१४ च्या नॉर्वेतील ११ आठवड्यांच्या अभ्यासात धावण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. मात्र ही जीवनसत्त्वे घेणाऱ्यांच्या स्नायूंतील काही अनुकूल बदल मंदावले. अर्थात, लाभ संदिग्ध आणि हानीची शक्यता खरी. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपल्या शास्त्राची दृष्टी येथे मार्गदर्शक ठरते. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम सांगितला, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांना; व्यायामानंतर सुखकर मर्दनही सांगितले. अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा संभवतात, हे चरकांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे प्रथम व्यायामाची मात्रा पाहावी, नंतर आहार व विश्रांती, आणि शेवटी औषध.

प्रौढांना या जीवनसत्त्वाची दैनिक गरज सुमारे १५ मिलिग्रॅम मानली जाते. १०० ग्रॅम बदामात ते सुमारे २५, तर शेंगदाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम असते. मल्लांच्या खुराकात बदामाला मान आहेच. ज्याला तो परवडत नाही, त्याच्यासाठी सोलापूरची शेंगाचटणी आणि आपल्या रब्बीच्या रानातील करडईचे तेल आहे.

मोठ्या मात्रेची कॅप्सूल अभावाचे निदान झालेल्या रुग्णासाठी राखून ठेवावी. दुखऱ्या अंगाने दुकानाच्या पायरीशी आलेल्या तरुणाला आधी विचारावे: काल किती धावलास, काय जेवलास, किती झोपलास? या तीन प्रश्नांनी कॅप्सूलची एक विक्री कदाचित कमी होईल. विश्वास मात्र दृढ होईल.