वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली काय?

अर्धांगवायूच्या झटक्याने माणसाची वाचा गेली की चार-आठ दिवसांत घरचेच म्हणू लागतात, ‘आता त्यांना काही कळत नाही.’ टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की त्याचा जाहीर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. या एका वाक्याच्या आधारे कर्त्या पुरुषाला न विचारता जमिनीची वाटणी ठरते, सासूबाईंच्या देखत त्यांच्याविषयी वाटेल ते बोलले जाते आणि कागदावर अंगठा मात्र त्यांचाच उमटवून घेतला जातो. ज्याला काही कळत नाही, त्याचा अंगठा चालतो कसा?

मेंदूतील, बहुधा डाव्या बाजूची, भाषेची केंद्रे दुखावल्याने होणाऱ्या या विकारास वाचाघात म्हणतात. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने वर्णिलेल्या रुग्णाला ‘टान’ या एका ध्वनीखेरीज जवळजवळ काही उच्चारता येत नसे. बोललेले मात्र बरेचसे समजे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखविला. त्यात बोलणे ओघवते, परंतु अर्थाची संगती नाही आणि आकलनही उणे. शब्दांचे आकलन असे मंदावते, हे मान्य केले तरी त्यावरून विचारशक्ती नष्ट झाली असे ठरत नाही. २००५ साली इंग्लंडमध्ये रोझमेरी वार्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणी कोणास मारले, हे त्यांना वाक्यावरून उमगत नसे. कंसांची गणिते मात्र ते सोडवू शकत.

मग उपचारांत ही हेळसांड का? हातापायांसाठी व्यायाम सांगितला जातो. वाचेसाठी ‘येईल हळूहळू’ एवढेच आश्वासन मिळते. वस्तुतः वाचोपचार हाही व्यायामच आहे. चित्र दाखवून नाव विचारावयाचे, अडल्यास पहिला ध्वनी सुचवावयाचा, खुणा व रेखाटने यांची जोड द्यावयाची. ज्यांना बोलता येत नाही, त्यांतील काहींना गाता येते. त्या सुरांवरून शब्दांकडे नेण्याची पद्धत १९७३ पासून ज्ञात आहे. मात्र हे सारे रुग्णाच्या बोलीत व्हावयास हवे. ऊस, कोयता, भाकरी, बाजार हे त्याचे शब्द. शिवाय आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू नांदतात. कोणती भाषा आधी परतेल, हे रुग्णागणिक भिन्न असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा नावानिशी उल्लेख केला आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. परंतु अर्धे अंग लुळे पडलेल्या शेतमजुराने ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास आठवड्यागणिक करावा काय? तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी वाचोपचारतज्ज्ञ बसलाच पाहिजे, ही मागणी आपण ग्रामसभांतून लावून धरावयास हवी.

तोवर घराने आपले कर्तव्य करावे. एका वेळी एकच लहान प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. त्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नये. आणि वाचकहो, अंगठा घेण्यापूर्वी कागद सावकाश समजावून सांगावा, होकार-नकाराची खूण घ्यावी. नकार आला, तर कागद घडी करून परत ठेवावा.