आधी नाच तर बघा

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत अपंग कलाकार आला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी आजाराची किंवा अपघाताची कहाणी, मग आईचा हुंदका, मागे बासरी. नाच संपतो न संपतो तोच परीक्षक डोळे पुसत उभे! समेवर तो नेमका आला का, कुठली हालचाल कच्ची राहिली, हे कोणी बोलत नाही. कौतुकाच्या नावाखाली हा त्या कलाकाराचा अपमानच आहे.

बिल शॅनन या अमेरिकन नर्तकाने हा प्रकार भर रस्त्यात उघडा पाडला. लहानपणीच त्याला पर्थेस हा खुब्याच्या सांध्याचा आजार झाला. कुबड्या आल्या, आणि त्या कुबड्यांवरच त्याने नाच उभा केला. त्याच्या कुबड्यांचं खालचं टोक गोलाकार असतं. त्यामुळे कुबडी टेकली तरी अडत नाही. अंगाचा भार तिच्यावरून घरंगळत पुढे जातो आणि पाय जमिनीला जेमतेम शिवतात. 'सर्क द्यु सोले' या सर्कशीच्या 'वारेकाई' या खेळासाठी (२००२) त्याने असा नाच बसवलाही. पण मला भावतो तो त्याचा रस्त्यावरचा उद्योग. वर्दळीत तो आपल्या पद्धतीने वाकतो, खाली पडलेली वस्तू उचलायला जातो आणि आजूबाजूचे काय करतात ते चित्रित करून ठेवतो. कोणीतरी मदतीला धावतंच. गडी नाचतोय, आणि लोक त्याला वाचवताहेत!

ब्रेकिंगच्या, म्हणजे ब्रेकडान्सच्या, रिंगणात ही दया चालत नाही. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेल्या या नाचात दुसऱ्याची चाल उचलणं ही नामुष्की. स्वतःचं काही असेल तर पुढे या. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही वेगळेपणा हा गुणांकनाच्या पाच निकषांपैकी एक होता. मग ज्याचं शरीरच वेगळं, त्याच्या हाती आयतीच शैली आली की! माँट्रियलच्या लुका पॅट्युएलीचे सांधे जन्मतः आखडलेले. तो कुबड्यांसकट रिंगणात उतरतो, तळहातांवर सगळं अंग तोलतो. २००७मध्ये त्याने 'इल-अ‍ॅबिलिटीज' हा अपंग नर्तकांचा चमू काढला. त्यात नेदरलँड्स, चिली, ब्राझीलचेही नर्तक आले. 'सबबी नकोत, मर्यादा नाहीत' अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य मात्र मला पटत नाही. मर्यादा आहेत, आणि त्यांच्याशी झटापट करतानाच तर हा नाच घडलाय.

आपल्याकडे अशा मुलांना डिसेंबरच्या ३ तारखेला, जागतिक अपंग दिनी, व्यासपीठावर बोलावतात. शाल, श्रीफळ, 'प्रेरणादायी' असं भाषण. तिथे चढायला उतार नसतो, म्हणून चार कार्यकर्ते त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेतात आणि त्याचाही फोटो काढतात. वर्षाच्या बाकी दिवशी यांना सरावाला जागा कोण देतं, आणि नेहमीच्या स्पर्धेत यांचा अर्ज कोण घेतं, ते आयोजकांनी सांगावं.