गांडुळावर आळ घेण्याआधी

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य मी शाळेत पंचवीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. निवृत्तीनंतर खानापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित दोन एकरांत ते स्वतः आचरलेही. आज त्या वाक्याविरुद्ध लिहायला बसलो आहे; आणि ते वाक्य उलटे करून 'गांडूळ हा शत्रू' अशी आवई उठवणाऱ्यांविरुद्धही. दोन्हीकडचे रागावतील. रागावू देत.

आमच्या जमिनीत खाली भात, वर माळ आणि मध्ये ओढ्याकाठी दहा-बारा गुंठ्यांची रानपट्टी आहे. जांभूळ, किंजळ, हिरडा अशी झाडे आणि खाली घोटाभर पाचोळा. पहिल्या पावसात शेवळं वर यायची, मग पेव, मग रानहळद. गौरीसाठी आई तेरडा आणायची तो याच पट्टीच्या कडेचा.

दहा वर्षांपूर्वी मी गांडूळखताचा खड्डा केला. गांडुळे पुरवणारा माणूस म्हणाला, "गुरुजी, एवढा पाचोळा वाया का घालवता?" मला ते पटले. तीन उन्हाळे मी रानपट्टी अंगणासारखी झाडून घेतली आणि पाट्याच्या पाट्या खड्ड्यात ओतल्या. मोकळ्या झालेल्या सावलीत रोपवाटिकेतली सुपारीची रोपे पिशवीतल्या मातीसकट लावली. आज तिथली जमीन पावसात चिकट असते आणि उन्हाळ्यात टणक होते. शेवळं दिसत नाहीत. रानहळद चार-दोन जागी उरली आहे.

पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्याला फोनवर हे सांगितले, तर तो लगेच म्हणाला, "काका, तुमच्या रानात परदेशी गांडुळे शिरली." तिकडे तसे घडले आहे, हे खरेच. हिमयुगात तो मुलुख बर्फाखाली होता. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटला, तेव्हा तिथे गांडूळ उरले नव्हते. पुढची जंगले गांडुळांवाचून, पाचोळ्याच्या जाड गादीवर वाढली. मग युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, रोपांच्या मातीतून, पुढे मासे धरणाऱ्यांच्या डब्यांतून गांडुळे पोचली. त्यांनी ती गादी खाऊन टाकली, आणि तिच्यात रुजणारी रानफुले व नेचे कमी होत गेले.

पुतण्याचे बोलणे मी गावात सांगितले ती माझी चूक. आठवडाभरात आमचे तरुण 'खड्डे बुजवा' म्हणू लागले. त्यांना माझा प्रश्न आहे : मिनेसोटाचा निकाल खानापूरला कसा लागू होतो? आपल्याकडे ते बर्फ कधी आलेच नाही. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या कितीतरी फक्त सह्याद्रीच्या. आपली राने गांडुळांच्या सोबतीनेच वाढली. खड्ड्यात सोडतात ती युरोपातली 'आयसेनिया' आणि आफ्रिकेतली 'युड्रिलस' शेणात आणि कुजक्या पाल्यात जगतात. साध्या मातीत सहसा तग धरत नाहीत. त्यांच्यावर आळ घेणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

खरा संशयित दुसराच आहे. त्याचे नाव 'पॉन्टोस्कोलेक्स'. फ्रिट्झ म्युलर यांनी 1857 मध्ये ब्राझीलमधून त्याचे वर्णन केले. रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून तो उष्ण देशांत सगळीकडे पसरला. सह्याद्रीतल्या मळ्यांतही तो आहे. त्याला जोडीदार लागत नाही, एकटाही वंश वाढवतो. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ जंगल तोडून कुरणे केली, तेव्हा मूळची गांडुळे गेली आणि हा माजला. त्याच्या विष्ठेने जमीन घट्ट होऊन पाणी मुरेनासे झाले. हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे सगळीच गांडुळे जमीन भुसभुशीत करतात, हे आमचे पाठांतरही अर्धेच खरे.

मी सुपारीच्या बुडाशी खणून पाहिले. शेपटीकडे बोटाला खरखरीत लागणारी गांडुळे निघाली. या जातीची ती खूण. तरीही 'हाच चोर' असे मी लिहिणार नाही, कारण पाचोळा मी झाडून नेला होता. रानहळद गांडुळाने घालवली की माझ्या खराट्याने? याचे उत्तर द्यायला आधीची नोंद हवी, आणि ती माझ्यापाशी नाही.

माझे भांडण आहे ते इथे, आणि तुमच्या-माझ्याशी आहे. जमिनीचा उतारा कोणत्या भाषेत मिळावा यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडलो. तो झगडा खराच आहे. बांध वीतभर सरकला तर कोर्टात जातो. पण त्या बांधावर काय उगवते, हे दोन्ही भाषांत आपल्याला सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या कन्नड अज्जींनी मला सुनावले, "एरेहुळ राहू दे मास्तर, तुमची आई गेल्यावर त्या रानात पावसाळ्यात कोण उतरलं?" मला उत्तर देता आले नाही. आईला लिहिता येत नव्हते, पण तिच्याकडे नोंद होती. मला लिहिता येते. माझी वही कोरी आहे.

तेव्हा घोषणा पुरे. खड्डा ठेवायचा तर गोठ्याशेजारी ठेवा, त्याला शेण आणि शेतातला काडीकचरा घाला. रानाचा पाचोळा रानालाच राहू द्या. रोपवाटिकेची माती रानात नेऊ नका. आणि आपल्या जमिनीत मीटरभर लांबी-रुंदीचे चार-पाच चौरस खुंट्या मारून आखा. ज्येष्ठात, भाद्रपदात आणि कार्तिकात तिथे जा. कोणते रोप, किती, पाचोळा किती बोटे, ते लिहा. गांडुळांसाठी चौरसाबाहेर फावडे मारा आणि तीही मोजा. रोपाचे नाव येत नसेल तर शेजाऱ्याला विचारा; ते कन्नडमध्ये मिळाले तर कन्नडमध्ये लिहा.

मी पाच चौरस आखले आहेत. पहिल्यात या भाद्रपदात रानहळदीचे दोन कोंब होते. दोन हा आकडा मी तारखेसह लिहून ठेवला आहे. पुढच्या वर्षी माझ्याशी वाद घालायला जो येईल, त्याने आपला आकडा घेऊन यावे.