रोबो जोडतो कोण?

चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस डहाणू तालुक्यातील विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. यात्रेतून घरी परतताना मुलाच्या हातात एखादे खेळणे असावे, असे कोणत्याही आईबापाला वाटते. पूर्वी ते भिरभिरे, पिपाणी किंवा फुगा असे. आता त्यात ट्रकचा रोबो होणारे आणि लहान गाड्या जोडल्यावर आणखी मोठे होणारे खेळणेही असते. तलासरीच्या आठवडे बाजारात आणि मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलातही अशी खेळणी सापडतात.

अशा खेळण्याची पारख बहुतेक वेळा खोक्यावरच्या चित्रावरून होते. रूपे किती, गाड्या किती, दिवे लागतात का, आवाज येतो का, किंमत काय? मुलाच्या वाढीच्या आणि जिवाच्या दृष्टीने मात्र दोन प्रश्न यापेक्षा महत्त्वाचे आहेत. रोबो जोडण्याचे काम कोण करते, मूल की मोटर? आणि जोडताना निखळलेला तुकडा घरातल्या सर्वांत लहान भावंडाच्या तोंडात गेला तर काय होईल?

हे खेळणे मूळचे जपानी. १९७४ मध्ये आलेल्या ‘गेटर रोबो’ या चित्रकथेत तीन याने एकत्र येऊन एक प्रचंड यंत्रमानव तयार होत असे. पण ती जोडणी कागदावर आणि पडद्यावरच शक्य होती. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’मधली पाच याने मात्र खेळण्यातही खरोखर जोडता येतील अशी आखलेली होती. पुढे जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालिकेतली खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने घेतली आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकायला आणली. त्यातला ‘डेव्हास्टेटर’ बुलडोझर, क्रेन, डंपर अशा सहा बांधकाम-वाहनांचा बनतो. डहाणू-तलासरीच्या मुलांना ही वाहने परकी नाहीत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. जेसीबी आणि डंपर हे इथल्या मुलांचे रोजचे दृश्य झाले आहे. त्यांचा रोबो होतो म्हटल्यावर मूल हरखले नाही तरच नवल.

या हरखण्याला शास्त्रीय आधारही आहे. गाडीचा रोबो करताना क्रम सांभाळावा लागतो. आधी चाके आत, मग हात बाहेर, शेवटी डोके वर. क्रम चुकला की सांधा अडतो आणि मूल पुन्हा मागे येते. कोणता भाग कुठे वळेल याचे चित्र आधी मनात तयार करावे लागते. याला अवकाशीय आकलन म्हणतात. पुढे भूमिती, नकाशा, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, शस्त्रक्रिया अशा अनेक ठिकाणी ते लागते. शिकागो विद्यापीठातील सुसान लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ५३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते चार वर्षांच्या वयात घरी चित्रांचे तुकडे जुळवण्याची कोडी खेळलेली मुले साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवून जुळवण्याच्या चाचणीत सरस ठरली. हा अभ्यास रोबोंवर नव्हता आणि फरक केवळ कोड्यांमुळेच पडला, असेही त्यातून सिद्ध होत नाही. तरी हाताने जुळवण्याच्या खेळाचे मोल तो दाखवतो.

म्हणूनच बटण दाबताच आपोआप उभा राहणारा, दिवे लावणारा आणि परकीय भाषेत ओरडणारा रोबो महाग असला तरी कमी दर्जाचा ठरतो. त्यात सारे काम मोटर करते आणि मूल प्रेक्षक होते. अगदी लहान बाळांच्या बाबतीत तर बोलणारे खेळणे घरातल्यांचे बोलणेच कमी करते. अमेरिकेतील नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या अ‍ॅना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या २६ बाळांचा पालकांसोबतचा खेळ ध्वनिमुद्रित केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुस्तके किंवा साधी खेळणी असताना पालक जितके बोलले, त्याहून इलेक्ट्रॉनिक खेळणी वाजत असताना कमी बोलले. बाळ भाषा शिकते ती उलट उत्तर देणाऱ्या माणसाकडून. वारली, मराठी, गुजराती कानावर पडणाऱ्या घरात तर ही शिदोरी मोठी आहे. ती रोबोच्या आवाजाखाली दबू देणे हे नुकसानच आहे.

मुलाच्या हाताला काम हवे, हा विचार डहाणूला नवा नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत कामाला लागल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झाले. मॉन्टेसरी पद्धतीची तयार साधने महाग होती आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांच्या जगात ती बसतही नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, दगड, पाने, बिया, माती यांतूनच या दोघींनी साधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगातला. साधन किती भारी याला तिथे महत्त्व नव्हते; मूल त्याचे काय करते, हे पाहिले जाई. हीच कसोटी रोबोला लावली, तर हाताने वळवायचा, हाताने जोडायचा आणि सुटा केल्यावरही ज्याच्या गाड्या स्वतंत्रपणे चालतात असा रोबो उत्तीर्ण होतो. कोसबाडच्या परंपरेशी त्याचे वैर नाही.

उलट, नैसर्गिक ते सारे निर्धोक, हा समज मात्र सोडायला हवा. चिंचोका तीन वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. लालचुटूक गुंजेत अ‍ॅब्रिन हे तीव्र विष असते. ती चावली गेली तर जिवावर बेतू शकते. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशावर चिकटून बसतो. सुरक्षेची मोजपट्टी प्लास्टिकला एक आणि बियांना दुसरी असू शकत नाही.

आणि ही मोजपट्टी खरोखरच अस्तित्वात आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासण्यासाठी जगभर एक छोटी नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तळ तिरका असल्याने खोली २५.४ ते ५७.१ मिलिमीटरपर्यंत बदलते. जो तुकडा या नळीत पूर्ण मावतो, तो लहान मुलासाठी धोकादायक. जोडणीच्या रोबोची मूठ, बंदूक, रबरी टायर, क्रेनचा आकडा हे सारे बहुधा मावतात. म्हणूनच अशा खोक्यांवर ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे लिहिलेले असते. पण सात वर्षांच्या भावाचे खेळणे दीड वर्षाच्या बहिणीपासून दूर कसे ठेवायचे? एकाच खोलीत, एकाच सारवलेल्या जमिनीवर दोघे खेळतात. खोक्यावरचे वय ज्याच्यासाठी खेळणे घेतले त्याचे न पाहता, घरातल्या सर्वांत लहान मुलाचे पाहायला हवे.

सुट्या भागांहून मोठा धोका दिसत नाही, कारण तो रोबोच्या पाठीत असतो. दिवे आणि आवाज यांसाठी स्वस्त खेळण्यांत बहुधा बटणाच्या आकाराच्या चपट्या बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, की ओलसर ऊतींतून विद्युतप्रवाह सुरू होतो आणि तिच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते. त्याने अन्ननलिका जळते. दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते आणि अर्धवट उतरलेली बॅटरीही ती करू शकते. मूल लाळ गाळते, खोकते, जेवण नाकारते; ते साध्या सर्दी-खोकल्यासारखे वाटून वेळ जातो. गाड्या चुंबकाने चिकटणाऱ्या खेळण्यात धोका आणखी वेगळा. दोन चुंबक गिळले गेले, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटून त्याला छिद्र पडू शकते.

हे शहरात वाचणे आणि उधवा-दापचरीच्या पलीकडच्या पाड्यावर वाचणे सारखे नाही. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. पण लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने अन्ननलिकेतील वस्तू काढण्याची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसते. रुग्णाला वापी, सिल्वासा किंवा मुंबईकडे न्यावे लागते. दोन तासांतले बरेचसे वाहन मिळण्यात आणि महामार्गावरच जातात. म्हणून बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये, अन्न-पाणी देऊ नये आणि लगेच एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जावे. मूल एक वर्षावरचे असेल, गिळता येत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. तो इजा मंदावतो. पण मध शोधण्यात वेळ घालवू नये. घशात तुकडा अडकून मुलाला श्वास घेता येत नसेल, तर ते पुढे झुकलेले असताना पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा द्याव्यात. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

कायदा याबाबत गप्प नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. सक्तीची गरज का भासली, हे आधीच्या तपासणीतून कळते. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे ६७ टक्के खेळणी नापास झाली होती. चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो. पण हे सारे खोक्यावर छापलेले असते आणि जत्रेतले खेळणे अनेकदा खोक्याविना, नुसत्या पिशवीत मिळते. तिथे चिन्ह नाही, वय नाही, बनवणाऱ्याचे नावही नाही.

याचा दोष ताडपत्री टाकून बसलेल्या विक्रेत्यावर ढकलणे सोपे आहे. तो घाऊक बाजारातून मिळेल ते आणतो; त्याच्याकडे नळी नाही आणि प्रयोगशाळाही नाही. तपासणी घाऊक टप्प्यावर व्हायला हवी. यात्रेच्या तयारीत पाणी आणि आरोग्यपथकाचा विचार होतो. त्यात खेळण्यांचाही व्हावा. मानक ब्युरो आणि जिल्हा प्रशासन यांनी यात्रेपूर्वी विक्रेत्यांना चिन्ह कसे ओळखायचे ते सांगावे आणि एखादा फलक मराठी आणि गुजरातीत लावावा. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत बटण-बॅटरीबद्दल दोन वाक्ये आली, तर त्याला खर्च काहीच नाही.

किमतीचा प्रश्न उरतो. चिन्ह असलेला, घट्ट सांध्यांचा रोबो मजुरी करणाऱ्या घराला परवडेलच असे नाही. पण खेळणी थोडी असणे ही उणीव नव्हे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासात ३६ लहान मुलांना कधी चार, तर कधी सोळा खेळणी दिली गेली. चार असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. पाच तकलादू रोबोंपेक्षा एक टिकाऊ बरा, आणि तो घरटी एक असण्याचीही गरज नाही. अंगणवाडीत जोडणीच्या सुरक्षित खेळण्यांची एक पेटी असावी आणि ती पाड्यापाड्यांतून फिरावी. तिच्यासोबत ताडगोळ्याच्या रिकाम्या कवचांची चाके आणि काठी जोडून केलेली गाडीही असावी. दोन्हींत जोडणारे हात मुलाचेच असतात.

तोवर पालकांनी खरेदीआधी तीन गोष्टी कराव्यात. खेळणे हातात घेऊन हलवावे, ओढून पाहावे; सहज निखळणारा भाग दिसला तर परत ठेवावे. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर घेऊ नये. आणि मुलाला विचारावे, याचा रोबो कसा होतो, करून दाखव. ते अडखळत, चुकत, पुन्हा मागे येत दाखवू लागले, तर पैसे योग्य जागी चालले आहेत.