खानवेल वगळून हवेलीचा इतिहास होत नाही

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत एखाद-दुसरा लेख येतोच. त्यातली गोष्ट ठरलेली असते. पुण्या-मुंबईचे मूठभर तरुण भर पावसात निघाले, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्यांच्यात होते, २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासाच्या कचेरीवर तिरंगा फडकला आणि रक्ताचा थेंब न सांडता फिरंग्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, राज्य संपले. गोष्ट स्फूर्तिदायक आहे आणि तिच्यातली माणसे खरोखर धाडसी होती, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप ती जिथे थांबते त्या जागेला आहे, आणि ती ज्यांना वगळते त्यांच्या वतीने आहे.

ती थांबते सिल्वासाला. फिरंगी मात्र तिथे थांबले नव्हते. नगर हवेलीचा प्रशासक कॅप्टन व्हर्जिलिओ फिदाल्गो सुमारे दीडशे पोलीस घेऊन सिल्वासा सोडून दक्षिणेकडे खानवेलला गेला. खानवेल सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर, साकरतोड नदीच्या काठी, सागवानाच्या रानात आणि डोंगरांच्या कुशीत आहे. ऑगस्टमध्ये तिथे नदी-ओहोळ भरलेले असतात, भातखाचरांत आवणी चाललेली असते, डोक्यावर इरले घेतलेली माणसे दिवसभर चिखलात वाकलेली असतात. अशा मुलखात सशस्त्र पोलिसांची ही तुकडी शिरली. २ ऑगस्टला कचेरी पडली हे खरे, पण बंदुका आणि प्रशासक दोन्ही मोकळेच होते. शेवटी ११ ऑगस्टला उधवा येथे फिदाल्गोने भारतीय पोलीस अधिकारी जे. डी. नगरवाला यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्या नऊ दिवसांत खानवेल परिसराचे काय झाले, तिथल्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी माणसांनी काय पाहिले, हे आपल्या लेखांत औषधालाही सापडत नाही. राज्याचा शेवट ज्या वाटेवर झाला तीच वाट आपण नकाशावरून पुसली.

आता ‘रक्ताचा थेंब न सांडता’ या वाक्याकडे वळू. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात अनिसेतो रोझारिओ हा पोलीस अधिकारी आणि अँतोनिओ फर्नांडिस हा पोलीस असे दोघे ठार झाले. ते शत्रुपक्षाचे होते, पण माणसे होती, आणि त्यांचे मरण लपवून आपला लढा उजळत नाही. सशस्त्र लढ्याला सशस्त्र लढा म्हणावे. तो न्याय्य होता असे मला वाटते, आणि न्याय्य लढ्याला खोट्या सोज्वळपणाची गरज नसते.

दुसरा वाद श्रेयाचा. हा लढा कोणी जिंकला, यावर प्रत्येक पक्षाची आपापली पुस्तिका आहे. संघाच्या पुस्तिकेत तो संघाचा, कम्युनिस्टांच्या पुस्तिकेत किसान सभेचा, गोमंतकीयांच्या आठवणींत आझाद गोमंतक दलाचा. घटनाक्रम पाहिला तर एकाही पुस्तिकेचा दावा पुरता टिकत नाही. दादरा घेतला तो युनायटेड फ्रंटने. २८ जुलैला नरोली घेतली ती आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या स्वयंसेवकांनी. सिल्वासाच्या मोहिमेत विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचे दल होते, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, बिंदुमाधव जोशी होते. कम्युनिस्ट पक्ष आणि किसान सभा यांचे कार्यकर्तेही या लढ्यात उतरले होते. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेल्या या मंडळींनी एका पावसाळ्यात एकाच शत्रूवर चाल केली, हीच या लढ्याची थोरवी. ती नाकारून एकट्याच्या नावावर सातबारा चढवणारे लढ्याला लहान करतात.

‘हे सगळे भारत सरकारनेच घडवले’ असेही काही जण सांगतात. त्यात अर्धे तथ्य आहे. १९५४ च्या जुलैत भारताने दमणहून हवेलीकडे जाणारी वाट बंद केली. त्यामुळे दमणहून कुमक येण्याची आशा संपली, आणि तेवढे झाले नसते तर सिल्वासा इतके लवकर पडले नसते. पण भारतीय सैन्य आत गेले नाही. मुक्त झाल्यावरही दिल्लीने हा प्रदेश लगेच ताब्यात घेतला नाही. आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले आणि पुढची सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने इथला कारभार पाहिला. १२ जून १९६१ ला त्याच पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव एकमताने केला. मग घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाली. ११ ऑगस्ट हीच उधव्याच्या शरणागतीचीही तारीख. करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते या प्रदेशाचे पंतप्रधान केले गेले, ही हकिकत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असते. वरिष्ठ पंचायतीची सात वर्षे मात्र त्या पुस्तकांत नसतात, आणि मला विचाराल तर त्या दोन्हींत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आणखी एक आरोप मराठी माणसाच्या जिव्हारी लागणारा आहे: पेशव्यांनी ही गावे फिरंग्यांना देऊन टाकली, मग गाऱ्हाणे कसले? याचे उत्तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेले आहे आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला भारताविरुद्ध दावा दाखल केला. आधार होता १७ डिसेंबर १७७९ चा पुणे दरबाराशी झालेला तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. न्यायालयाने त्या कागदांतले शब्द तपासले. जिथे सार्वभौमत्व द्यायचे असे तिथे त्या काळच्या तहांत तसे स्पष्ट, कायमस्वरूपी शब्द घालत, आणि ते इथे नव्हते. पोर्तुगिजांना मिळाला होता तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क. गावांवरची मालकी त्यात येत नाही, आणि अशा देणगीला प्रदेशाचे दान मानल्याचा एकही दाखला न्यायालयापुढे आणता आला नाही. म्हणजे ‘देऊन टाकली’ हा आरोप कागदावर टिकत नाही.

इथेच थांबलो तर ज्या चुकीचा दोष इतरांना देतो आहे तीच मी करीन. न्यायालयाने पुढे असेही म्हटले, की इंग्रज आले तेव्हा ही गावे प्रत्यक्षात पोर्तुगिजांच्या अंमलाखाली होती आणि इंग्रजांनी तो अंमल मुकाट्याने मान्य केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांचा हक्क फेटाळला गेला, आणि १९५४ मध्ये भारताने वाट बंद केली ती त्या वेळची तंग परिस्थिती पाहता गैर नव्हती असे ठरले. ‘हेगमध्ये भारत जिंकला’ एवढ्या तीन शब्दांत हा निकाल मावत नाही. सत्याची बाजू घ्यायची तर आपल्या विरुद्ध गेलेली ओळही वाचावी लागते.

आता वगळलेल्या माणसांकडे येतो. या गोष्टीत स्त्रियांचा उल्लेख झालाच तर तो मदतनीस म्हणून होतो. लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून मोहिमेसाठी पैसा उभा करून दिला. सहभागी झालेल्यांच्या यादीत गायिका ललिता फडके यांचे नाव येते, तेही बहुतेक वेळा ‘सुधीर फडके यांच्या पत्नी’ एवढ्याच ओळखीने. हत्यारे, गाड्या, शिधा यांना पैसा लागतो. तो उभा करणारीला तळटीपेत टाकायचे आणि त्या पैशावर गेलेल्याला मथळ्यात घ्यायचे, हा हिशेब मला मान्य नाही.

पण माझे खरे भांडण गोदावरी परुळेकर यांच्यासाठी आहे. गोदावरीबाई पुण्याच्या, १९०७ सालचा जन्म, माहेर गोखल्यांचे, कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. हे सगळे सोडून त्या शामराव परुळेकरांसह ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांत गेल्या. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला झरी गावचा माह्या धांगडा गेला, आणि २३ मे १९४५ ला झरीलाच वारल्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम करायचे नाही, हा निर्धार तिथे झाला.

वेठ म्हणजे काय, ते आजच्या वाचकासाठी नीट सांगायला हवे. वारल्याला लग्नासाठी पैसा लागे. तो सावकार-जमीनदाराकडून घेतला की नवरा आणि त्याची नवी नवरी, दोघेही त्याच्या दारी राबायला बांधले जात. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटू द्यायचेच नसे. म्हणजे स्त्री संसारात पाऊल टाकायची ते गुलामीतच, आणि ज्या कर्जासाठी ती राबे ते तिने घेतलेलेही नसे. झरीच्या परिषदेनंतर लग्नगडी सुटू लागले. मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी घेऊन. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसे मेली. लढा मोडला नाही. हे सारे गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

यावर आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे: हा लढा जमीनदारांविरुद्धचा, इंग्रजी हद्दीतला. त्याचा पोर्तुगीज हवेलीशी काय संबंध?

संबंध पायाखालच्या जमिनीचा आहे. झरी आणि उधवा ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्याच्या एकाच तलासरी तालुक्यात आहेत. जिथे १९४५ मध्ये वारल्यांनी मान वर केली, त्याच पट्ट्यात १९५४ मध्ये फिदाल्गोने शस्त्रे खाली ठेवली. साहेबाच्या नकाशावर तिथे दोन साम्राज्यांची सीमा होती. वारल्याला ती सीमा नव्हती. त्याची सोयरीक अलीकडे-पलीकडे, देव तोच, तारपा तोच. हवेलीतही जमिनी अल्वारा नावाच्या पट्ट्यांनी बाहेरच्या मोठ्या धारकांच्या नावे गेल्या होत्या आणि कसणारा आदिवासी कूळ किंवा मजूर झाला होता. नऊ वर्षे आधी शेजारच्या गावात भाऊबंदांनी वेठ नाकारली, ही बातमी ओढा ओलांडून पलीकडे गेली नसेल, असे कोण म्हणेल? खानवेलच्या रानात शिरलेल्या त्या तुकडीच्या वाट्याला आदिवासी मुलखाचा आधार आला नाही. माझ्या मते त्याच्या मुळाशी ही नऊ वर्षांची जाग आहे. स्वयंसेवकांचे शौर्य यामुळे कमी होत नाही. ते ज्या जमिनीवर चालून गेले ती कोणीतरी आधी नांगरली होती, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि नांगरणाऱ्यांत एक बाई सर्वांत पुढे होती.

गोदावरीबाई १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, १९९६ मध्ये गेल्या. त्या कम्युनिस्ट होत्या म्हणून एका बाजूने त्यांचे नाव गाळले जाते, आणि दुसरी बाजू त्यांना पक्षाच्या चौकटीबाहेर येऊ देत नाही. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

मुक्तीनंतरचीही एक नोंद इथे करतो. अल्वारा पद्धत मोडण्यासाठी जमीन सुधारणा विनियम आला तो १९७१ मध्ये, तिरंगा फडकल्यानंतर सतरा वर्षांनी. दादरा-नगर हवेलीत लोकसभेची पहिली निवडणूक झाली १९६७ मध्ये, आणि इथून निवडून आलेली पहिली स्त्री, कलाबेन डेलकर, संसदेत पोहोचली २०२१ च्या पोटनिवडणुकीत. २ ऑगस्टला सगळे मिळाले असे ज्यांना वाटते त्यांनी ही साले शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुक्तिदिन सिल्वासाला साजरा होतो तसा ११ ऑगस्ट खानवेलला साजरा व्हावा. तिथे मस्कारेन्हस, लवंदे, वाकणकर यांच्यासोबत माह्या धांगडा आणि गोदावरी परुळेकर यांचीही नावे घेतली जावीत. आणि त्याहून निकडीचे काम वेगळेच आहे. १९५४ च्या पावसाळ्यात जी पोरे दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत. खानवेल, दुधनी, मांदोनीच्या पाड्यांवर अशी माणसे अजून असतील. शिक्षकांनो, कॉलेजच्या मुलामुलींनो, त्यांच्याकडे जा. त्यांच्याच बोलीत, वारलीत, कोकण्यात, जसे सांगतील तसे उतरवून घ्या. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. हे काम पुढच्या ऑगस्टवर टाकू नका.