तिकडचा हॉकर, इकडचं अतिक्रमण

परवा एका मित्राकडे सिंगापूर ट्रिपचे फोटो बघायचा कार्यक्रम झाला. मर्लायनसमोरचे नेहमीचे फोटो पटापट सरकले आणि मग सुरू झालं खाणं. मॅक्सवेलमधला चिकन राइस, टेक्का सेंटरमधली बिर्याणी आणि लाउ पा साटच्या बाहेरचं साते. "अरे, चक्क रस्त्यात बसून खाल्लं! आपल्याकडे असं काही नाहीच."

मागच्या महिन्यात सोसायटीच्या गेटसमोरच्या भुर्जीपावच्या गाडीविरुद्धच्या अर्जावर पहिली सही ठोकणारा हाच तो माणूस. चार दिवसांत अतिक्रमणवाले आले आणि गाडी, स्टोव्ह, तवा, अंड्यांचे ट्रे सगळं ट्रकमध्ये टाकून घेऊन गेले.

मी तेव्हा गप्प बसलो, कारण त्याच्याच घरचे पोहे खात होतो. आता इथे बोलतो.

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी सिंगापुरात आठ महिने काढलेत आणि दुपारचं जेवण बहुतेक हॉकर सेंटरमध्येच व्हायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली, हे शिकायला दोन दिवस लागले. तिथे 'कॅरट केक' नावाचा पदार्थ मिळतो. मी गोड समजून मागवला, तर त्यात गाजरही नाही आणि केकही नाही! मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वडीचे तुकडे, अंडं फोडून तव्यावर परतलेले. आपल्या भुर्जीचा लांबचा चुलतभाऊच म्हणा ना. पुढे आठवड्यातून दोनदा तरी खायचो.

पण हे सगळं आभाळातून पडलेलं नाही, हे आमच्या फोटोवाल्या मंडळींना कोण सांगणार? तिथेही आधी रस्त्यावरच्या गाड्या होत्या, उकिरडे होते, धाडी आणि पळापळ होती. 1968-69 साली सरकारने हॉकर्सची नोंदणी केली आणि सुमारे 18,000 जणांना तात्पुरते परवाने दिले. मग 1971 ते 1986 या काळात सेंटर्स बांधून त्यांना तिथे हलवलं. पाणी, वीज, गटार सगळं दिलं आणि अनेकांना भाडंही सवलतीचं लावलं. स्वच्छतेसाठी स्टॉलना ए, बी, सी, डी अशा श्रेणी लावल्या त्या 1997 मध्ये. म्हणजे आधी नळ, मग परीक्षा. आम्ही नळ न देताच म्हणणार, "शी, बादलीत प्लेटा विसळतो." 2020 साली युनेस्कोने तिथल्या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. आणि ते साते? त्यासाठी बून टॅट स्ट्रीट संध्याकाळी गाड्यांना बंद करतात. माझा मित्र बसला होता तो रस्त्यातच!

आपल्याकडेही 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवायचं नाही. विक्री समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत. त्याआधी 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने रस्त्यावर धंदा करणं हा, वाजवी बंधनांसह, मूलभूत हक्क मानलाय. कागदावर आम्ही कुठे कमी नाही.

आता यावर हमखास येणारं उत्तर, "फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे." शंभर टक्के मान्य. माझी आई काठी घेऊन चालते, तिला रस्त्यावर उतरावं लागतं तेव्हा माझाही जीव वर-खाली होतो. म्हणूनच तर आखलेली जागा द्या म्हणतोय. पण मग भुर्जीची गाडी गेल्यावर त्याच फुटपाथवर दोन चारचाकी लागतात, त्यातली एक आमच्या मित्राची, त्याविरुद्ध अर्ज का नाही हो? आईला अजूनही रस्त्यावरच उतरावं लागतं.

भुर्जीवाले काका परवा भेटले. दंड भरून गाडी सुटली, स्टोव्ह काही परत मिळाला नाही. "साहेब, आता रात्री दहानंतर लावतो, पुलाखाली," म्हणाले. तिथे दिवा नाही.

समोरच्या मोकळ्या पट्ट्यात चार गाड्यांना जागा आणि एक नळ द्या, असा अर्ज मी लिहिलाय आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. आत्तापर्यंत सात सह्या झाल्यात. मित्राची अजून आलेली नाही.