सातबाऱ्यावर न लिहिलेला वाटा

सातबारा हा शब्द कानावर पडला की मराठी माणूस सावरून बसतो. मग तो मुंबईत तीन पिढ्या काढलेला असो, की इंदूर-बडोद्याला घर करून राहिलेला असो. गावाकडच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे की नाही, ही टोचणी त्याच्या मनातून जात नाही. जमीन असते दहा-वीस गुंठे, पण भावाभावांतलं बोलणं बंद व्हायला तेवढी पुरते. गेल्या महिन्यात एका लग्नात दोन चुलतभाऊ एकाच पंगतीत एकमेकांकडे पाठ करून जेवताना पाहिले. भांडण कशाचं, तर पंधरा गुंठ्यांचं. दोघांपैकी एकही ती जमीन कसत नाही!

त्या दोघांकडे पाहताना मला एका दूरच्या गावाची आठवण झाली. गावाचं नाव श्रीहार्जो. इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेला वीस किलोमीटरच्या आत हे गाव आहे. नावं ओळखीची वाटतात ना? योग्यकर्ता हे नाव आपल्या अयोध्येवरून आलं. श्रीहार्जो ज्या तालुक्यात येतं तो इमोगिरी, म्हणजे आपला हिमगिरी. आणि श्री म्हटलं की जावात आठवते देवी श्री, भाताची देवता. जावातला शेतकरी आज मुसलमान आहे, नमाज पढतो. पण कापणीपूर्वी शेताच्या बांधावर या देवीसाठी नैवेद्य ठेवणारी घरं अजून आहेत.

आधी जरा हिशेब मांडू. जावा बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १५ कोटींच्या वर! ज्वालामुखींच्या राखेनं सुपीक झालेली माती, बारमाही पाटाचं पाणी, वर्षाला भाताची दोन आणि कुठे कुठे तीन पिकं. म्हणून एवढी माणसं तिथे जगू शकली. पण वाटण्या होत होत शेताचे तुकडे केवढे झाले असतील, याची कल्पना करा. अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे सव्वा एकरापेक्षा कमी जमीन असलेल्याला तिथे ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीकशी पिसू. २०२३च्या कृषी गणनेत इंडोनेशियात अशी सुमारे १ कोटी ६९ लाख कुटुंबं निघाली आणि त्यातली बहुतेक जावातली.

श्रीहार्जोकडे जगाचं लक्ष वेधलं ते मास्री सिंगारिम्बुन हे इंडोनेशियन मानववंशशास्त्रज्ञ आणि डेव्हिड पेनी हे अर्थतज्ज्ञ यांच्यामुळे. १९७३ साली या दोघांनी श्रीहार्जोच्या गरिबीवर एक छोटंसं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी गावकऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. ‘पुरेसं’ म्हणजे किती? जावातल्या माणसाचा त्यासाठी शब्द आहे ‘चुकुपान’. श्रीमंती नव्हे, चैन नव्हे. दोन वेळचं जेवण, अंगावर धड कपडे आणि शेजारच्या कार्याला रिकाम्या हातानं जावं लागू नये, एवढंच. उत्तर आलं, ०.७ हेक्टर भातखाचर आणि ०.३ हेक्टर घराभोवतीचं परस. आपल्या भाषेत पावणेदोन एकर भातशेती आणि पाऊण एकर परसबाग. एवढं असलेली घरं श्रीहार्जोत फारच थोडी होती. अनेकांकडे भातखाचराचा तुकडासुद्धा नव्हता.

मग बाकीचे जगत कसे होते? वाचकहो, खरी गोष्ट इथेच आहे.

पहिला आधार परसाचा. जावातलं घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. घराभोवती नारळ, केळी, पपई, फणस, साबुदाण्याचा कंद, हळद, आलं, कुडाची चार रोपं, कोंबड्यांचं खुराडं आणि विहीर. बाहेरून पाहणाऱ्याला ते रान वाटतं, पण त्यातलं एकेक झाड हिशेबातलं असतं. गंमत म्हणजे परंपरेनं जमीन, घर आणि झाड या तीन वेगळ्या मालमत्ता. जमीन एकाची, त्यावरचं घर दुसऱ्याचं आणि नारळ तिसऱ्याचा, असं असू शकतं. कोकणातल्या वाचकांना यात फारसं नवल वाटायचं नाही. ज्याला स्वतःची जागा नाही, तो दुसऱ्याच्या परसात बांबूच्या तट्ट्यांचं घर उभारून राही आणि बदल्यात मालकाच्या कामाला हात लावी. लाकडा-बांबूचं घर सुटं करून हलवताही येई. हलवायचं ठरलं की शेजारीपाजारी खांद्याला खांदा लावायला येत. मजुरी नाही, फक्त जेवण.

ऐपत आली की मात्र माणसाला विटांचं घर हवं असतं. बांबूचं घर गरिबाचं, विटांचं घर मानाचं. २७ मे २००६ रोजी सकाळी सहाच्या सुमाराला या भागात भूकंप झाला. ५,७०० हून अधिक माणसं गेली आणि सर्वांत मोठा फटका बसला तो बांतुल जिल्ह्याला, ज्यात श्रीहार्जो येतं. लोखंडाच्या सळ्या न घालता रचलेल्या विटांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लाकडा-बांबूची घरं त्या मानानं तगली. पै पै जोडून कमावलेली मानाची वस्तूच जिवावर उठली.

घर-जमिनीची वाटणीही समजून घेण्यासारखी आहे. जावातल्या रीतीप्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघांनाही वाटा मिळतो. पुष्कळ घरांत तो सारखा असतो. काही घरांत मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. त्यासाठी त्यांची एक म्हणच आहे. पुरुष कावडीवर दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक. आई-वडील पुष्कळदा हयातीतच वाटणी करून देतात आणि म्हातारपणी सांभाळणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहतं घर जातं. लग्नानंतर नवरा-बायकोनं मिळून कमावलेलं दोघांचं मानलं जातं. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क द्यायला महाराष्ट्रात १९९४ आणि साऱ्या देशात २००५ साल उजाडावं लागलं, हे या निमित्तानं आठवायला हरकत नाही.

गावाचा कारभार चालतो तोही जमिनीवर. गावप्रमुख म्हणजे लुराह, दप्तर सांभाळणारा चारिक, पाटाच्या पाण्याचं वाटप बघणारा उलु-उलु. यांना पगाराऐवजी गावच्या मालकीची जमीन कसायला मिळे. तिचं नाव बेंकोक. पद गेलं की जमीन परत गावाची. योग्यकर्ता भागात तर निवृत्त झालेल्यालाही म्हातारपणासाठी एक तुकडा देण्याची पद्धत आहे. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण होते की नाही? आपल्याकडे ती वतनं स्वातंत्र्यानंतर कायद्यानं गेली. जावात २०१४च्या ग्राम कायद्यानंतर गावकामगारांना सरकारी तिजोरीतून ठरावीक वेतन मिळू लागलं, तरी बेंकोक पुसलं गेलेलं नाही.

आता येतो मुख्य वाट्याकडे. हा वाटा कुठल्याच उताऱ्यावर नव्हता.

भात पिकलं की जावातल्या शेतात कापणीला बायका येत. बोलावलेल्या येत, न बोलावलेल्याही येत. प्रत्येकीच्या तळहातात एक बारीकसं पातं असे, त्याचं नाव आनी-आनी. लाकडाच्या छोट्या तुकड्यात बसवलेलं, बोटांच्या आड सहज लपणारं. एकेक कणीस वेगळं खुडायचं. विळ्यानं कापलं तर देवी श्री दुखावते, अशी श्रद्धा. दिवसअखेर प्रत्येकीनं खुडलेल्या भाताचा ढीग मालकासमोर येई आणि त्यातला वाटा तिला मिळे. या वाट्याचं नाव ‘बावोन’. जवळच्या नात्यातली असेल तर साधारण पाचवा-सहावा हिस्सा, शेजारीण असेल तर आठवा-दहावा आणि परक्या गावची असेल तर त्याहून कमी. पण रित्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही. पाठवलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नसे.

म्हणजे बघा, शेत नावावर एकाच्या. पण त्या भातावर चूल पेटे कितीतरी घरांची. ज्या बाईच्या नावावर वीतभर जमीन नाही, तिलाही सुगीत स्वतःच्या कष्टाचं भात घरी नेण्याचा हक्क होता. पुढे तेच भात कांडून देण्याचं कामही बायकांनाच मिळे आणि त्याचेही मूठभर तांदूळ पदरात पडत.

हे सारं फार तर दहा-पंधरा वर्षांत ढासळलं. आणि ते कुणी दुष्टपणा केला म्हणून नव्हे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भाताचे नवे वाण आले. बुटके, एकदम पिकणारे, भरघोस पीक देणारे. त्यांचे दाणे चटकन गळतात, म्हणून एकेक कणीस खुडत बसणं परवडेना. विळा आला. गावोगावी भात भरडायच्या गिरण्या आल्या आणि मुसळं कोपऱ्यात गेली. खत, औषधं, बियाणं यांसाठी रोकड लागू लागली. कापणीला शंभर बायका आल्या की मालकाला धडकी भरू लागली.

मग मालकानं एक पळवाट काढली. तिला म्हणतात ‘तेबासान’. कापणीला आठवडाभर राहिला असताना उभं पीक व्यापाऱ्याला विकून टाकायचं. आपल्याकडे आंब्याची बाग देतात तसं. व्यापारी बाहेरगावचा. तो आपली माणसं आणि विळे घेऊन येई, वजनकाटा लावी, रोजंदारी देई आणि जाई. त्याला कुणाचं शेजारपण सांभाळायचं नव्हतं. मालकही ‘पीक आता माझं नाही हो!’ म्हणून मोकळा. विल्यम कोलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ सालीच हा बदल नोंदवून ठेवला आहे.

बायकांनी विरोध केला नाही का? त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९६० साली इंडोनेशियात जमीन सुधारणेचे कायदे झाले, कूळ आणि मालक यांच्यात तणाव वाढला आणि १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली. त्यात जावातल्या गावांतले भूमिहीन मोठ्या संख्येनं होते. त्यानंतर जमिनीच्या हक्काबद्दल मोठ्यानं बोलायची कुणाची छाती होती?

नव्या वाणांनी काहीच दिलं नाही, असं मुळीच नाही. एकेकाळी परदेशातून तांदूळ आणणारा हा देश १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला. उपासमारीचं भय मागे सरलं. मुलं शाळेत गेली, बायका-पुरुष जकार्ताला, मलेशियाला, हाँगकाँगला कामाला गेले आणि त्यांच्या पैशांतून गावात फरशीची घरं उभी राहिली. आता काही शेतांत तर कापणी-मळणीचं यंत्रच उतरतं. त्याच्या मागून काही म्हाताऱ्या बायका वाकून, सांडलेल्या लोंब्या वेचत जातात. आपण त्याला सरवा वेचणं म्हणतो. बावोनमधून उरला आहे तो एवढाच!

कागद मात्र पक्के होत चालले आहेत. गावच्या जुन्या सारा-वहीतल्या नोंदींवर पिढ्यान्‌पिढ्या भागत होतं. २०१७ पासून सरकारनं घरोघर जमिनीचे दाखले देण्याची मोहीम घेतली आणि २०२१च्या नियमानं जुन्या नोंदी नव्या दप्तरात आणायला पाच वर्षांची मुदत घातली. चांगलंच झालं. कागद नसलेल्याची जमीन धनदांडगा गिळतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण नव्या दाखल्यावर नाव लागलं ते मालकाचं. कापणीला येणाऱ्या बाईचा वाटा आधीही कागदावर नव्हता, त्यामुळे तो गेला तेव्हा कुठल्याही कचेरीत त्याची नोंद झाली नाही.

आपल्याकडे खळ्यावर बलुतेदारांना धान्य मोजून दिलं जायचं. त्यात जातीची उतरंड होती, लाचारीही होती. ते दिवस परत यावेत असं कुणी म्हणणार नाही. जावातली बाईसुद्धा मालकाच्या घरी पडेल ते काम करून आपला वाटा टिकवत असे. तरीही एक गोष्ट खरी. ते सगळं मोडताना त्या माणसांच्या पोटाची दुसरी सोय काय, हा प्रश्न ना तिथे कुणी आधी विचारला, ना इथे.

लग्नातल्या त्या दोन चुलतभावांपैकी एकाला मी हे सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘आमच्या आजीच्या वेळेला सुगीत अंगणात पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. कोण कोण यायचं, देव जाणे.’

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे उतारा जरूर काढा. पण घरात कुणी जुनं माणूस असेल, तर सुगीत आपल्या अंगणात कोण कोण यायचं, तेही विचारून घ्या. ती नावं सातबाऱ्यावर सापडायची नाहीत.